मेंदू शिकतो म्हणून...

मानेजवळ मज्जारज्जूला इजा झाली की हातपाय लुळे पडतात. मेंदू शाबूत असतो, स्नायूही असतात. मधली वाट तेवढी तुटलेली असते. मग मेंदूचे संदेश दुसऱ्या वाटेने स्नायूंपर्यंत नेता येतील का? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात शोधायला आपल्याला १९६९ सालापर्यंत मागे जावे लागते.

एबरहार्ड फेट्झ हे भौतिकशास्त्राकडून मेंदूच्या अभ्यासाकडे वळलेले संशोधक. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी माकडांवर एक प्रयोग केला. मेंदूच्या ज्या भागातून हालचालींचे नियंत्रण होते, तिथल्या एका चेतापेशीजवळ त्यांनी बारीक तार नेऊन ठेवली. पेशीतले विद्युत्-स्पंद वाढले की माकडासमोरच्या मापकाचा काटा सरके. स्पंद पुरेसे वाढले की खाऊची गोळी मिळे. काही दिवसांच्या सरावानंतर माकडे नव्याने निवडलेल्या पेशीचे स्पंदही ५० ते ५०० टक्क्यांनी वाढवू लागली!

'अमुक पेशी चालव' असे माकडाला कोण सांगणार? आपले कितपत जमते आहे हे त्याला लगेच कळत होते, एवढेच. तेवढ्यावर त्याच्या मेंदूने मार्ग काढला.

पण काटा हलला म्हणून लुळा हात हलत नाही. त्यासाठी आणखी ३९ वर्षे लागली. २००८ साली चेट मॉरित्झ आणि स्टीव्ह पर्लमटर या सहकाऱ्यांसह फेट्झ यांनी माकडाच्या हाताच्या नसा औषधाने तात्पुरत्या बधिर केल्या. मग एका पेशीच्या स्पंदांनुसार मनगटाच्या स्नायूंना हलका विद्युत्प्रवाह दिला. माकड मनगट पुन्हा वळवू लागले. विशेष म्हणजे, मनगटाच्या हालचालीशी आधी संबंध नसलेल्या पेशीही या कामी आल्या.

२०१६ साली ओहायो राज्यातल्या एका तरुणाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूच्या इजेमुळे त्याचे हात निकामी झाले होते. मेंदूतले संदेश संगणकामार्फत दंडाखालच्या स्नायूंकडे वळवल्यावर त्याने स्वतःच्या हाताने बाटली उचलून ओतली. अर्थात, तारांनी संगणकाला जोडलेले असेपर्यंतच.

म्हणजे यंत्र वाट देते. तिच्यावर चालायला मेंदूलाच शिकावे लागते. वर्गात हे करून पाहा. दोन मुलांना डोळे मिटून दहा सेंटिमीटरच्या रेघा काढायला सांगा. एकाला दर वेळी चूक किती ते सांगा, दुसऱ्याला काहीच सांगू नका. वीस रेघांनंतर दोघांच्या वह्या शेजारी ठेवा.