दोन नावांमधली तिरपी रेघ

‘रामलक्ष्मण’ हा इतरेतर द्वंद्व आणि ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक द्वंद्व, हे आपण विग्रह केल्यावर ओळखतो; खुद्द शब्दावर तशी काही खूण नसते. आवडत्या मालिकेतील वा कादंबरीतील पात्रे घेऊन चाहते ज्या कथा रचतात, त्या फॅन फिक्शनच्या जगाने मात्र दोन नावांमधले नाते सांगण्यासाठी विरामचिन्हांचीच परिभाषा घडविली.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. ‘स्पॉकनेलिया’ हे तिच्या चाहत्यांचे पहिले नियतकालिक १९६७ मध्ये निघाले. अशा हौशी अंकांत लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. १९७४ साली ‘ग्रुप’ या अंकात डायॅन मर्चंट या ऑस्ट्रेलियन लेखिकेची एक छोटी प्रणयकथा आली. कॅप्टन कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाची ती कथा, पण पात्रांची नावे तिने उघडपणे घेतली नव्हती. पुढे कथांचे वर्गीकरण करताना मैत्रीसाठी ‘&’ आणि प्रेमसंबंधासाठी तिरपी रेघ असा संकेत रुळला. एरवी ‘किंवा’ सुचविणारी ही रेघ येथे मीलनाची खूण झाली, आणि ‘स्लॅश’ या तिच्या इंग्रजी नावावरून एका कथाप्रकारालाच नाव मिळाले.

या खुणेची कामे दोन होती: जाणत्याला निमंत्रण आणि इतरांना इशारा. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेला सुरुवातीस अशा इशाऱ्याची गरज भासली नाही. तिच्यासाठी ‘हेट’ हे नाव मागाहून आले. ज्याला आधी नाव द्यावे लागते ते अपवाद मानले जाते, ही समाजाची रीत या बंडखोर लेखनातही शिरली होती.

मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांनी मात्र १९७९ च्या आपल्या कादंबरीतील एका तळटीपेत मित्र, बंधू आणि प्रियकर हे तिन्ही अर्थ असलेला एक काल्पनिक शब्द योजला. वाचकांनी चिन्हांनी वेगळे केलेले अर्थ मूळ लेखकाने असे एका शब्दात एकत्र ठेवले.

जपानी चाहत्यांचा संकेत अधिक काटेकोर. तेथे दोन नावांमध्ये ‘×’ हे चिन्ह येते आणि नावांचा क्रमही अर्थवाही असतो: पुढाकार घेणाऱ्याचे नाव आधी, प्रतिसाद देणाऱ्याचे नंतर. क्रम उलटला की जोडी वेगळी मानली जाते.

२००९ मध्ये खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाने जुनी दोन चिन्हे कायम ठेवली, पण तिरपी रेघ स्त्री-पुरुष, स्त्री-स्त्री, पुरुष-पुरुष अशा सर्वच जोड्यांना लागू केली. कथा प्रौढांसाठी आहे की नाही, हे वेगळ्या रकान्यात गेले. नाते कोणाचे आणि वर्णन किती उघडे, हे दोन प्रश्न अशा रीतीने सुटे झाले, आणि समलिंगी प्रेमाला चिकटलेला इशारा निदान या मांडणीत तरी गळून पडला.

हा लाभ मोठा आहे, पण त्याची किंमतही आहे. मर्चंटच्या कथेत कोण कोणावर प्रेम करते, हे वाचकाला वाचता वाचता उमगत होते. आज ते शीर्षकाखालीच लिहिलेले असते. मैत्री नेमकी कोठे संपते आणि प्रेम कोठे सुरू होते, हा साहित्याचा जुना प्रश्न लेबल वाचून सुटत नाही. त्यासाठी कथाच वाचावी लागते.