तलवारनाच आणि मालगाडी

बॅले म्हटलं की डोळ्यांपुढं पांढऱ्या झग्यातल्या, पायाच्या बोटांच्या टोकांवर तोल सांभाळणाऱ्या नाजूक बाया येतात. ह्याचा न् युद्धाचा संबंध काय, असं वाटतं. पण सत्तेला हा संबंध फार जुन्या काळापासून कळलेला आहे. रणगाडा माणसाला भिववतो, पण पटवत नाही. पटवायला गाणं लागतं, नाच लागतो.

बॅले वाढला तोच राजाच्या दरबारात. १६५३ साली फ्रान्सचा चौदावा लुई, चौदा वर्षांचं पोर, स्वतः सूर्य होऊन नाचला. बघणाऱ्या सरदारांनी समजायचं ते समजून घेतलं. रशियात अठराव्या शतकात उमराव आपल्या जमिनीवरच्या भूदासांच्या पोरी उचलून त्यांना बॅले शिकवत. शेरेमेत्येव घराण्याचं असं नाटकघर प्रसिद्ध होतं. तिथली नावाजलेली नर्तकी तात्याना श्लिकोवा. मालकानं तिला रत्नावरून ‘ग्रानातोवा’ हे नाव दिलं. म्हणजे नाव त्याचं, अंग त्याचं, कलाही त्याचीच. तिच्या मालकीचा फक्त घाम. भूदासगिरी कायद्यानं गेली ती १८६१ साली.

१९१७ च्या क्रांतीनंतर नाटकघरं सरकारजमा झाली. कामगार त्या मखमली खुर्च्यांवर बसले, ही गोष्ट मोठीच. तिचं मोल कमी करायचं कारण नाही. पण नाचणाऱ्याच्या डोक्यावरचा मालक गेला नाही. उमराव गेला, सरकार आलं.

२२ जून १९४१ ला हिटलरनं सोव्हिएत युनियनवर हल्ला केला. लेनिनग्राडचं किरोव नाटकघर ऑगस्टमध्ये उरल भागातल्या पेर्म शहरात हलवलं. त्या वेळी त्या शहराचं नाव मोलोतोव होतं. मॉस्कोच्या बोल्शोयची मुख्य मंडळी ऑक्टोबरात कुइबिशेवला गेली आणि २८ ऑक्टोबरला बोल्शोयच्या इमारतीवर बॉम्ब पडला. देश मरणाच्या दारात असताना सरकार नर्तकांना आगगाडीत घालून सुरक्षित जागी नेतं. का? कारण कारखान्याची यंत्रं जशी वाचवायची, तशी हीही यंत्रंच.

त्या यंत्रातून पेर्ममध्ये ९ डिसेंबर १९४२ ला ‘गायाने’ हा बॅले बाहेर पडला. संगीत आराम खाचातुरियान यांचं, नृत्यरचना नीना अनिसिमोवा हिची. गोष्ट आर्मेनियातल्या एका सामूहिक शेतावरची. गायाने कष्टाळू बाई. तिचा नवरा गिको दारुडा आणि गद्दार, गावाच्या कापसाला आग लावणारा. वाचवतो कोण? लाल सेनेचा अधिकारी. शेवटी लग्न, आनंदीआनंद, आणि देशातल्या नाना जमातींचे नाच एकामागून एक. जगभर गाजलेला ‘तलवारनाच’ ह्यातलाच. त्याच्या सोबतीला युक्रेनचा गोपाक आणि कॉकेशसच्या डोंगराळ मुलखाची लेझ्गिंका. संदेश सरळ होता. गद्दार ओळखा, सेनेवर भरवसा ठेवा, आपण सगळे एका घरातली भावंडं आहोत.

आता पुढचं ऐका. ह्या प्रयोगाला चौदा महिने झाले असतील. २३ फेब्रुवारी १९४४, लाल सेनेचा दिवस. चेचेन आणि इंगुश गावांमधल्या पुरुषांना ह्या दिवसाच्या सभेला म्हणून बोलावलं आणि बंदुकीच्या धाकात धरलं. मग बायका, म्हातारे, लेकरं, सगळ्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबलं. जवळपास पाच लाख माणसं कझाकस्तान आणि किर्गिझियाला हद्दपार झाली. जर्मनांना सामील झाल्याचा ठपका अख्ख्या जमातींवर ठेवला. लाल सेनेत लढणारे चेचेन सैनिकही सुटले नाहीत. कित्येक माणसं वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत मेली. मे महिन्यात क्रिमियाच्या तातारांची तीच गत झाली. चेचेन लोकांना गावी परतायला १९५७ साल उजाडावं लागलं.

रंगमंचावर गिको एकटा गद्दार होता. कॉकेशसमध्ये अख्खी जमात गिको ठरली. लेझ्गिंका चेचेन लोकही नाचतात. ती रंगमंचावर टाळ्या घेत राहिली, आणि ती ज्यांच्या अंगात होती ते डब्यात. हलगी पाहिजे, हलगीवाला नको. मित्रांनो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून नाचच खोटा म्हणायचा का? नाही. लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा होता. १९४१ च्या हिवाळ्यात लेकरांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता. त्या शहरात मागं राहिलेल्या ओल्गा इओर्दाननं उरलेल्या नर्तकांना गोळा केलं आणि बॅले उभा केला. उपाशी माणसं उपाशी माणसांसाठी नाचली. त्याच युद्धकाळात इकडं मुंबईत अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. तोही प्रचारच होता, पण कुठल्या सरकारानं पगार देऊन सांगितलेला नव्हता. त्यांनी फॅसिझमविरुद्ध बाजू घेतली ती स्वतःच्या मनानं.

लोकशाहीवाले सरकारही ह्यातून सुटत नाही. मे १९४० मध्ये ब्रिटिश कौन्सिलनं सॅडलर्स वेल्सच्या नर्तकांना मैत्रीचं प्रदर्शन म्हणून हॉलंडला धाडलं. १० मे ला जर्मन सैन्य घुसलं. पोरीपोरं पडदे, पोशाख तिथंच टाकून जीव घेऊन पळाली.

मग ओळखायचं कसं? एकच कसोटी लावून बघा. नाचणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का? मार्च २०२२ मध्ये रशियाच्या युक्रेनवरच्या युद्धाला बोल्शोयच्या ओल्गा स्मिर्नोवानं उघड ‘नाही’ म्हटलं, आणि तिला देश सोडून हॉलंडच्या बॅलेत जावं लागलं. त्याच आठवड्यात कीवच्या राष्ट्रीय ऑपेराचा नर्तक आर्तेम दात्सिशिन तोफमाऱ्याच्या जखमांनी मेला.

तेव्हा सरकारी मंचावर आपला वेष, आपलं वाद्य, आपला नाच दिसला की टाळ्या वाजवायच्या आधी एकदा मागं वळून बघा. त्या नाचाची माणसं कुठं आहेत? सभेत, की डब्यात?