गोऱ्हेशास्त्र्यांचे दोन ग्रंथ

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ह्यानें तरुणपणीं ज्या मानी पंथांत नऊ वर्षें काढलीं, त्याच पंथाचें पुढें ग्रंथ लिहून खंडन केलें. असें एक उदाहरण मराठी पंडितांतही आहे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) हे काशींत वाढलेले चित्पावन. जॉन म्यूर ह्यानें 'मतपरीक्षा' (१८३९) ह्या संस्कृत ग्रंथांत हिंदुधर्मावर आक्षेप घेतले. शास्त्रीबोवांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४-४५) रचून त्यांस संस्कृतांतच उत्तर दिलें. पुढें १८४८ सालीं त्यांनींच बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० सालीं 'षड्दर्शनदर्पण' ह्या हिंदी ग्रंथांत सहाही दर्शनांचें खंडन केलें.

एवढ्यावरून त्यांस चंचल म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. प्रतिपक्षाचा ग्रंथ खोडण्याकरितां कां होईना, पण जो मनापासून वाचतो, तो आपलें मत पालटण्याचें भय पत्करूनच वाचतो. मात्र त्यांचें मतांतर कोणास रुचो वा न रुचो, त्यामुळें पहिला ग्रंथ लटका ठरत नाहीं, कीं दुसरा खरा ठरत नाहीं. कर्त्यानें दीक्षा बदलली तरी युक्तिवाद जागच्या जागींच राहतो; त्याची पारख वाचकानेंच केली पाहिजे.