तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती?

संसद म्हटली म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात भाषणे आणि गोंगाट येतो. परंतु संसदेचे खरे बळ वक्तृत्वात नाही. सरकारला एक रुपया गोळा करावयाचा किंवा खर्चावयाचा झाला, तर तो कोणाच्या संमतीने, या प्रश्नाच्या उत्तरात ते बळ आहे. हे उत्तर बदलून घ्यावयास आपल्या देशाला जवळजवळ साठ वर्षे लागली. त्या वाटचालीची हकीकत पहूरच्या श्रोत्यांपुढे थोडक्यात मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

१८९२ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलातील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची परवानगी मिळाली. मत देण्याची मात्र मिळाली नाही. याच कौन्सिलात मुंबई इलाख्यातून गोपाळ कृष्ण गोखले गेले आणि १९०२ च्या मार्चमध्ये त्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविलेला हा माणूस. त्याने सरकारच्याच आकड्यांनी सरकारला अडविले. खजिन्यात वर्षानुवर्षे शिल्लक पडते याचा अर्थ राज्य सुखी आहे असा नसून, गरीब रयतेवर गरजेहून अधिक कर आहे असा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. गोखल्यांच्या शब्दाचे वजन यात होतेच. पण हे सारे सरकारच्या मर्जीवर होते. मर्जी नसे तेथे काय होई, हेही त्यांनी अनुभवले. प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे त्यांचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या कौन्सिलात बहुमत अधिकाऱ्यांचेच होते.

पुढे १९१९ च्या कायद्याने दिल्लीत दोन सभागृहे आली आणि खालच्या सभागृहात, म्हणजे मध्यवर्ती असेंब्लीत, लोकनियुक्त सभासदांचे बहुमत झाले. आता खर्चाच्या काही मागण्यांवर मत देता येऊ लागले. तथापि सैन्याचा खर्च, कर्जावरील व्याज आणि बड्या अधिकाऱ्यांचे पगार मतदानाबाहेरच राहिले. शिवाय व्हाइसरॉयच्या हाती एक हुकमाचे पान होते. १९२३ साली सरकारने मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचे ठरविले. असेंब्लीने तो प्रस्ताव फेटाळला. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ही वाढ आवश्यक असल्याचा दाखला स्वतःच्या सहीने दिला आणि कर दुप्पट झाला! सभागृहाने नाही म्हटले होते. बाजारातल्या मिठाचा भाव मात्र व्हाइसरॉयच्या सहीने ठरला.

या अनुभवामुळेच नुसत्या सुधारणांवरचा लोकांचा विश्वास उडाला. १९३६ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. १९३५ चा कायदा आम्हांला मान्य नाही, देशाची घटना देशाच्या लोकांनी निवडलेल्या घटनासमितीनेच करावी, ही मागणी खानदेशच्या मातीवरून पुन्हा निक्षून करण्यात आली. दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९४६ रोजी, घटनासमितीची पहिली बैठक दिल्लीत भरली. मिठावरील करही १९४७ साली उठला.

घटनेने काय बदलले ते आता पाहू. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता येत नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. आणि संसदेने विनियोजनाचा कायदा केल्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येत नाही. पाचोरा-जामनेरची लहान गाडी आपल्या पहूरवरून जात असे. तिचे रूळ रुंद करावयाचे तर त्याचा पैसा लोकसभेपुढे मागणी म्हणून यावा लागतो. रेल्वेचे वेगळे अंदाजपत्रक २०१७ पासून मुख्य अंदाजपत्रकात मिसळले, तरी हा नियम सुटलेला नाही. एखाद्या खात्याचे धोरणच अमान्य असेल, तर त्याची मागणी एक रुपयावर आणावी, अशी कपात सूचना सभासद देऊ शकतो. न्यायाधीशांचे वेतन किंवा कर्जावरील व्याज यांसारखा खर्च आजही मतास टाकला जात नाही. परंतु त्यावर चर्चा करता येते.

दोन सभागृहांपैकी ही किल्ली लोकसभेच्या हाती आहे, कारण तिचे सभासद आपण थेट निवडतो. राज्यसभेचे बहुतेक सभासद राज्यांतील आमदार निवडतात. साध्या विधेयकाला राज्यसभा अडवू शकते. २००२ साली दहशतवादविरोधी विधेयक तिने फेटाळले, तेव्हा संयुक्त बैठक बोलवावी लागली. धनविधेयक मात्र तिने चौदा दिवसांत परत पाठवावयाचे; तिच्या शिफारशी मानणे न मानणे लोकसभेकडे. आणि एखादे विधेयक धनविधेयक आहे असा दाखला देतो तो लोकसभेचा अध्यक्ष. एके काळी व्हाइसरॉयचा दाखला सभागृहाला डावलीत असे. आज दाखला सभागृहाच्या अध्यक्षाचा आहे. स्वराज्य ते हेच.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. उठल्यासुटल्या वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही, हे त्यांनी स्वपक्षाच्या सरकारलाही स्पष्ट कळविले होते. त्यांच्याच काळात, १९५० साली, खर्चाच्या अंदाजांची छाननी करणारी अंदाज समिती स्थापन झाली. झालेला खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद तर १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे.

एवढे सारे हाती असून चिंता वाटावी असेही काही आहे. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकतात. संसदेच्या भाषेत त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वच खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेवाचून मंजूर झाल्या. गोखल्यांना बोलता येत होते, पण मत देता येत नव्हते. आजच्या सभासदाला मत आहे, आणि तो न बोलताच ते देऊन मोकळा होतो. अशाने मिळविलेला हक्क कागदावरच राहावयाचा.

जामनेर तालुका रावेर मतदारसंघात येतो. आपल्या खासदाराने गावात काय बांधले, हे आपण नेहमी विचारतो. यंदा कोणत्या खात्याच्या मागणीवर तुम्ही बोललात, कोणती कपात सूचना दिलीत, हेही विचारीत जावे. लोकसभेच्या कामकाजाचा वृत्तान्त शब्दशः छापला जातो आणि तो कोणालाही वाचता येतो.