पऱ्हाटी, मोळी आणि धूर : खान्देशातील सरपणाची कहाणी

हिवाळा सुरू झाला की जळगाव भागात भरिताचे दिवस येतात. असोदा हे गाव जळगाव शहराला जवळजवळ चिकटलेले. या परिसरातली हिरवी, पांढरट, मोठ्या आकाराची वांगी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. शेतात पऱ्हाटीचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा, जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, साले काढून लाकडी बडगीत ठेचायची, ही भरिताची जुनी रीत. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, असे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. चव धुराची असते.

वर्षातून दोन-चार वेळा मोकळ्या शेतात अंगावर घेतलेला हा धूर सुखाचा असतो. तोच धूर बंद स्वयंपाकघरात रोज दोन वेळा, चाळीस-पन्नास वर्षे घ्यावा लागला तर? आणि भरिताला लागते ती पऱ्हाटी गावात आली कधी? त्याआधी लोक काय जाळत होते? इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजे असतात, लढाया असतात, कायदेही असतात. सरपण मात्र नसते. या लेखात आपण तेच शोधणार आहोत.

१८८० साल : दोन साधने

योगायोग असा की १८८० साली आपल्या विषयाची दोन महत्त्वाची साधने जन्माला आली. एक म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देशावरचा बारावा खंड. जंगले, झाडांच्या जाती, पिके, रस्ते, रेल्वे आणि सरकारी उत्पन्न अशी माहिती त्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी जमा केली. दुसरे साधन म्हणजे एक मुलगी. त्याच वर्षी असोद्याला बहिणाबाईंचा जन्म झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी घराण्यात गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांना सुचलेली गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली.

गॅझेटियरमध्ये झाड आहे ते इमारती लाकूड म्हणून, महसूल म्हणून. बहिणाबाईंच्या गाण्यांत चूल, तवा, जाते आणि शेत आहे. त्यांच्या सर्वात प्रसिद्ध गाण्यात तर चुलीवरचा तवा हेच संसाराचे रूपक झाले आहे. जंगल कोणी तोडले हे पहिल्या साधनातून कळते. जाळण्याची किंमत कोणी मोजली हे कळायला दुसऱ्याकडे जावे लागते. शिक्षकांनी ही दोन्ही साधने वर्गात शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

रान वाढले, रान गेले

पूर्वी सगळीकडे घनदाट जंगल होते आणि ते सतत कमी होत गेले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खान्देशाचा इतिहास इतका सरळ नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला लढाया, लुटालूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी हा प्रदेश उजाड झाला. गावेच्या गावे ओस पडली आणि शेतांत रान माजले. १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला तेव्हा तापीच्या सुपीक खोऱ्यातही पुष्कळ जमीन झाडीखाली होती आणि त्या झाडीत वाघ होते. म्हणजे या काळात माणूस मागे हटला म्हणून जंगल पुढे आले होते.

शांतता आली तशी जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. या बदलाला खरी गती दिली ती मात्र सात समुद्रांपलीकडच्या एका युद्धाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचे मोल आले. खान्देशात कपाशीचा पेरा वाढला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. भुसावळहून एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला आणि दुसरा १८७० मध्ये जबलपूरला जाऊन मिळाला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली.

रेल्वेला लाकूड लागते ते रुळांखालच्या स्लीपरसाठी. एका मैलाला साधारण अठराशे स्लीपर लागत. साग, साल, देवदार सोडले तर बहुतेक लाकडे वाळवी आणि पाण्यापुढे फार वर्षे टिकत नाहीत, म्हणून ही मागणी एकदा भागून संपणारी नव्हती. मद्रास आणि पंजाबकडे तर इंजिनेही बराच काळ लाकडावर चालत, कारण इंग्लंडहून आणलेला कोळसा महाग पडे. शेती, रेल्वे आणि वाढती शहरे या तिन्हींनी मिळून झाडांना वेढा घातला.

कपाशीने झाडांची जागा घेतली आणि चुलीला मात्र एक नवे जळण दिले. वेचणी संपल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी उपटायची, भारे बांधायचे आणि घराच्या कडेला गंजी रचायची. तिच्या जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या. ज्या सपाटीवर जंगल उरले नव्हते, तिथल्या चुली अशा पेटत राहिल्या.

मोळीवर पहारा

सातपुड्याच्या डोंगरात चित्र वेगळे होते. तिथे जंगल होते, साग होता, अंजन होता आणि त्यात भिल्ल, पावरा लोक राहत होते. लाकूड संपत चालले हे सरकारच्या लक्षात आले तेव्हा १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या हाताखाली वनखाते उभे राहिले. १८६५ आणि मग १८७८ साली जंगल कायदे झाले. १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले ठरली. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट वहिवाट होती, ती आता सवलत झाली आणि सवलत नसेल तिथे गुन्हा झाली.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या खात्याबद्दलची शेतकऱ्यांची तक्रार नोंदली आहे. आसपासच्या रानातली फळे, पाला, लाकूड यांवर गरीब कुटुंबे तग धरत आणि गाई-शेळ्या पाळत. तो आधार तुटला, हा त्यांचा मुद्दा.

दुसरी साक्ष सरकारनेच बोलावलेल्या एका तज्ज्ञाची आहे. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनशास्त्रज्ञ १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. अडाणी शेतकरी शेण जाळतो आणि खत वाया घालवतो, असे त्या काळी साहेब लोक म्हणत. व्होल्करांनी देशभर फिरून सांगितले की जिथे लाकूड मिळते तिथे शेतकरी शेण जाळत नाही. खत हवे असेल तर आधी गावाला सरपण द्या, त्यासाठी जळण आणि चारा यांची राखीव वने लावा. चूल, जंगल आणि जमिनीचा कस हे एकाच साखळीचे दुवे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या सूचनेवर व्हावे तितके काम मात्र झाले नाही.

गावची चूल जंगल खाते काय?

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि जगाचे लक्ष इंधनाकडे गेले. १९७५ साली एरिक एकहोम या अमेरिकी अभ्यासकाने गरीब देशांतील सरपणाच्या टंचाईवर एक निबंध लिहिला. जगातल्या गरिबांचे ऊर्जासंकट हे तेलाचे नसून लाकडाचे आहे, ही त्याची मांडणी फार गाजली. त्यातून एक हिशेब पुढे आला : माणसे इतकी, लाकूड इतके, तेव्हा अमुक वर्षांत जंगले चुलीत जाणार.

हा हिशेब चुकीचा ठरला. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील खेड्यांचा घरोघर जाऊन अभ्यास केला तेव्हा दिसले की खेड्यातली बाई उभे झाड तोडत नाही. ती काटक्या, वाळलेल्या फांद्या आणि शेतातला पालापाचोळा गोळा करते. ओंडके ट्रकमधून येतात ते शहराच्या वखारीत. जंगल तुटते त्यामागे शेतीचा विस्तार, इमारती लाकूड, शहरांचे सरपण आणि लोणारी कोळसा यांचा वाटा मोठा असतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा तर मोटारीसुद्धा लोणारी कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या होत्या.

पऱ्हाटीवर चालणारे आपल्या सपाटीवरचे गाव हेच सांगते. याचा अर्थ चूल निर्दोष आहे असा नाही. तिची मोठी किंमत जंगलाने मोजली नाही, तर तिच्यासमोर बसणारीने मोजली, एवढाच आहे.

जाळ थोडा, धूर फार

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण १६,००० किलोज्यूल ऊर्जा असते. म्हणजे २० ग्रॅम लाकूड पुरायला हवे. पण तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता जेमतेम १० टक्के असते, त्यामुळे २०० ग्रॅम जाळावे लागते. उरलेली उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. आपल्या जुन्या चुलीला वैल असतो तो याच उष्णतेवर. आणखी एक भांडे फुकटात तापते.

उष्णता वाया जाते हे एक नुकसान. ज्वलन अपुरे होते हे दुसरे. लाकूड तापले की आधी त्यातून ज्वलनशील वायू निघतात. पुरेशी हवा आणि तापमान मिळाले तर ते जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाच्या मानकानुसार हवेत त्यांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात ते शेकड्यांत, कधी हजारांत जाते.

हे समजायला वेळ लागला, आणि समजावले ते एका भारतीय डॉक्टर बाईंनी. दिल्लीत डॉ. पद्मावती यांनी १९५९ मध्ये फुप्फुसांच्या विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होणाऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांचा रोग मानला जाई. पण धूम्रपान न करणाऱ्या बायकांतही तो तितकाच दिसत होता. त्यांच्या बाबतीत संशय चुलीच्या धुराकडे गेला. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीयंत्रे लावून धूर मोजला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली.

चूल बदलण्याचे प्रयत्न

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चूल तयार केली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका काढली. १९८३ मध्ये केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या अनेक लवकरच मोडल्या किंवा वापरातून गेल्या. धुराडे कोण साफ करणार, तडा गेला तर कोण लिंपणार, मोठी भाकरी त्यावर होते का, हे प्रश्न जिला विचारायचे तिलाच बहुधा विचारले गेले नव्हते.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस गरिबाच्या घरात पोचला. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे देशात ५८.६ टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे ४३ टक्केच होती. सिलिंडर पुन्हा भरायला रोख पैसा लागतो, काटक्यांना लागत नाही. म्हणून पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि चूल भाकरीपुरती, अशी वाटणी होते.

दरम्यान पऱ्हाटीलाही एक नवा दोष चिकटला आहे. न उमललेल्या बोंडांसह रचलेल्या गंजीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून गंजी करू नका, असे कृषितज्ज्ञ सांगतात. ज्याच्याकडे दुसरे इंधन नाही, त्याला हा सल्ला पाळणे सोपे नाही.

डोंगराकडून मात्र एक आशादायक गोष्ट ऐकू येते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा या आदिवासी पाड्याने १९९०च्या दशकापासून भोवतालचे सुमारे ४५० हेक्टर जंगल राखले आहे. वृक्षतोडीवर बंदी, मोडणाऱ्याला दंड, हे नियम गावाने स्वतः केले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. व्होल्करांना गावाजवळ हवे होते तसे रान इथे गावाने स्वतःच्या अधिकारात सांभाळले.

वर्गात करण्यासारखे

लाकूड जाळले तर हवेत गेलेला कार्बन झाड पुन्हा वाढताना शोषून घेते, म्हणून ते स्वच्छ इंधन होय, असे म्हटले जाते. इंग्लंडातील ड्रॅक्सच्या वीजकेंद्रात याच हिशेबावर अमेरिकेतील जंगलांपासून केलेल्या गोळ्या जाळल्या जातात. विद्यार्थ्यांना विचारावे : पऱ्हाटीतला कार्बन किती वर्षांत परत येतो आणि अंजनाच्या झाडातला किती?

दुसरा हिशेब वेळेचा. समजा, घराला रोज ५ किलो सरपण लागते आणि एक मोळी २० किलोची आहे. वर्षाला सुमारे ९० मोळ्या झाल्या. एका मोळीला पाच तास धरले तर ४५० तास, म्हणजे आठ तासांचे ५६ दिवस. आपल्या गावचे खरे आकडे मुलांनी आजीला, आईला विचारून आणावेत. सोबत एवढेही विचारावे की त्या ५६ दिवसांत शाळा कोणाची बुडाली. गॅझेटियरमध्ये जमाखर्चाचे पुष्कळ तक्ते आहेत. हा एक तक्ता आपल्यालाच तयार करावा लागेल.