मावशीची लेकरे
पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या, १९९९ पासून गोंदियात गेलेल्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. ती पाहिली की घरी न परतलेले वैमानिक आठवतात.

२५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामच्या चबुआकडे निघालेले अमेरिकी विमान हरवले. आत आठ जण होते. अवशेष २००६ मध्ये अरुणाचलात सापडले, काही अस्थी २०१६ मध्ये अमेरिकेकडे सोपवल्या गेल्या. पण हाडांचे वारस शोधायचे कसे? जुन्या हाडांत जो डीएनए अधिक टिकतो, तो आईकडून येतो. म्हणून बहिणीची, मावशीची लेकरे गाठावी लागतात. आपल्या शजऱ्यात तर लेकींची नावेच नसतात!

२०१७ मध्ये लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. जॉर्जिया राज्यातील कॉन्कॉर्ड या त्यांच्या गावी दफन झाले. आई-वडील तोवर हयात नव्हते.