भिंतीवाचूनचा तुरुंग

खारघरच्या तळोजा मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंतींपाशी दुष्काळी माणदेशाचे स्मरण व्हावे हे वरकरणी विसंगत वाटेल. परंतु बंदिवानाच्या हाती माती सोपवून त्यास माणसांत आणण्याचा जो उपक्रम आज नवा म्हणून मिरवतो, त्याचा जुना दाखला औंध संस्थानच्या कारभारात सापडतो.

1939 साली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या अमदानीत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, माणदेशातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. पर्जन्य हुलकावणी देतो अशा त्या मुलखात, खुनासारख्या गुन्ह्याची सजा भोगणाऱ्यांना, भिंत नाही की बेडी नाही अशा वसाहतीत बायकामुलांसह राहून जमीन कसण्याची मुभा मिळाली आणि त्यांच्या हाती नांगराचे रुमणे आले. पळण्यास वाट मोकळी असतानाही पेरलेल्या रानाची उगवण पाहण्यास माणूस थांबतो, या विश्वासावर तो सारा प्रयोग उभा होता. आणि, माझ्या मते, कोणत्याही पहाऱ्यापेक्षा तो विश्वासच अधिक कडक होता.

त्याच मुलखातल्या गदिमांच्या कथेवर शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, तेव्हा ही हकीकत बर्लिनच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोचली. 1968 मध्ये पैठणलाही शेतीचे खुले कारागृह निघाले. संस्थान केव्हाच विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र राज्याच्या कारागृह खात्याकडे अद्याप चालू आहे.